लघवीची गोळी मागण्याआधी लघवी मोजा

केजला माझं औषधांचं दुकान आहे. गर्दी असली की बाजूला उभे राहायचं आणि ती ओसरली की पुढे येऊन आवाज खाली आणायचा, असे पुरुष मला आता लांबूनच ओळखू येतात. "भाऊ, रातच्याला लई येळा उठावं लागतंय. ती लघवीची गोळी द्या." खिशातून गोळ्यांच्या पाकिटाचा एक तुकडा निघतो. नाव टॅम्सुलोसिन, म्हणजे प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढल्यावर देतात ती गोळी. पाकीट शेजाऱ्याचं. शेजाऱ्याला गुण आला म्हणून यांनाही तीच हवी असते. मी आधी एक कोरा कागद देतो आणि घरी जाऊन लघवी मोजायला सांगतो. काही जण रागावतात. तरीही मी सांगतो, कारण रात्रीच्या लघवीचं मूळ पुष्कळदा हृदयात, रक्तदाबात, मिठात किंवा झोपेत असतं, आणि ते वर्षानुवर्षं प्रोस्टेटच्या नावावर खपून जातं.

प्रोस्टेट लघवीची वाट अडवतं, लघवी तयार करत नाही. वाट अडली की धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटतं आणि दर वेळी थोडीथोडीच होते. पण एखादा माणूस रात्री चारदा उठून चारही वेळा मोठा ग्लास भरेल एवढी लघवी करत असेल, तर मूत्रपिंडांनी रात्रीच एवढं पाणी का बनवलं, हे आधी शोधायला हवं. प्रोस्टेटच्या गोळीने ते पाणी कमी होणार नाही.

साठीनंतर रात्री एकदा उठणं विशेष नाही. रोजच दोनदा किंवा जास्त उठावं लागत असेल तर मोजायला घ्या.

मोजायचं कसं

रुंद तोंडाची, आरपार दिसणारी प्लास्टिकची बरणी घ्या. खोकल्याच्या औषधाची १०० मिलीची रिकामी बाटली स्वच्छ धुवा. ती गळ्यापर्यंत भरली की साधारण तेवढंच पाणी मावतं. एक-एक बाटली पाणी बरणीत ओतत जा आणि दर वेळी बाहेरून नेलपॉलिशची रेघ मारा. लिटरभरापर्यंत रेघा झाल्या की माप तयार. दूधवाल्याचं १०० मिलीचं माप मिळालं तर आणखी चांगलं. बायकांना बरणीपेक्षा पसरट मग सोयीचा पडतो. त्यात लघवी करून मग बरणीत ओतायची.

तीन दिवस आणि तीन रात्री नोंद करा. सलग नसले तरी चालतात, पण लग्नकार्याचा किंवा उपवासाचा दिवस त्यात नको. एक दिवस शेतातल्या कामाचा आणि एक घरी बसण्याचा असला तर बरं, कारण दोन्हींत बराच फरक पडतो. दर वेळी कागदावर वेळ आणि मिली लिहा. शेजारी काय प्यायलात तेही लिहा: पाणी, चहा, ताक, रात्रीचं दूध. संध्याकाळी सातनंतरचा चहा लिहायला लोक हमखास विसरतात.

हिशेब करताना एका ठिकाणी चूक होते. झोपायला जाताना केलेली लघवी दिवसाची धरायची. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी मात्र रात्रीची, कारण ती रात्रीच तयार झालेली असते. समजा चोवीस तासांत एकूण १,८०० मिली झाली आणि त्यातली रात्रीची, सकाळच्या पहिलीसकट, ९०० मिली. म्हणजे निम्मी. पासष्टीच्या पुढे रात्रीचा वाटा एकूण लघवीच्या एक-तृतीयांशाहून जास्त असेल तर तो जास्त समजतात. तरुण माणसात पाचवा हिस्सा ओलांडला तरी जास्त. मधल्या वयात मर्यादा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी धरा.

कागद भरला की तो वाचता येतो. दिवसाही आणि रात्रीही शंभर-शंभर मिलीच्या आत, सारखी घाई, बारीक धार: हे मूत्राशयाकडे, प्रोस्टेटकडे किंवा जंतुसंसर्गाकडे बोट दाखवतं. दिवसा-रात्री दोन्हीकडे भरपूर, चोवीस तासांत तीन लिटरच्या आसपास किंवा पुढे: आधी साखर तपासा. दिवसा बेताची आणि रात्री दर खेपेला अडीचशे-तीनशे मिली: हे सगळ्यात दुर्लक्षित राहतं. यापुढचं बरंचसं त्याच्यासाठी आहे. एकाच माणसात दोन कारणंही असतात, म्हणून एक सापडलं की दुसरं शोधणं थांबवू नका.

दिवसभराचं पाणी पायात

माणूस दिवसभर उभा राहतो, बसतो, पाय खाली सोडून असतो. रक्तातलं थोडं पाणी पायांच्या मांसात झिरपून साचतं. रात्री आडवं झालं की ते पुन्हा रक्तात येतं, हृदयाकडे परततं, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात, आणि ताणले गेले की ते एक संप्रेरक सोडतात. मूत्रपिंडांना त्यातून निरोप मिळतो: मीठ-पाणी बाहेर काढा. म्हणून झोपल्यावर दोन-तीन तासांत मूत्राशय भरतं.

हृदयाची पंपाची ताकद कमी झाली असेल तर हे जास्त होतं. विहिरीवरची मोटर दमली की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसं दिवसा हिंडता-फिरताना मूत्रपिंडांच्या वाट्याला रक्त कमी येतं आणि लघवीही कमी होते. रात्री शरीर निवांत झालं की राहिलेलं काम उरकलं जातं. अशा माणसाचा कागद पाहिला तर दुपारभर दोनच नोंदी आणि रात्री चार, असं चित्र दिसतं.

तेव्हा संध्याकाळी पाय बघा, सकाळी नको. सकाळी सूज उतरलेली असते. नडगीच्या हाडावर अंगठ्याने दाबून दहा सेकंद धरा आणि सोडा. खळगा राहिला तर सूज आहे. मोज्याच्या रबराची खोल वळी, चपलेच्या पट्ट्याचा ठसा, बायकांच्या पायातली जोडवी संध्याकाळी घट्ट होणं, पैंजण रुतणं, हीही सूजच.

मग स्वतःला काही गोष्टी विचारा. पूर्वी एका उशीवर झोपत होतो, आता दोन लागतात का? रात्री जाग येते ती लघवीमुळे, की आधी दम कोंडून जाग येते आणि मग उठलोच आहे तर लघवी करतो? पाण्याची घागर उचलून दहा पावलं चालल्यावर धाप लागते का? तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलंय का?

माझ्याकडे एक निवृत्त गुरुजी येतात. प्रोस्टेटची गोळी ते बरेच दिवस घेत होते, धार सुधारली होती, रात्रीचं उठणं मात्र जशास तसं. मी म्हणालो, "गुरुजी, एवढं मोजून आणा." मास्तर माणूस, रेघा आखून तक्ता करून आणला. रात्रीचा वाटा निम्म्याहून जास्त. पायजमा जरा वर घ्या म्हटलं तर दोन्ही नडग्यांवर खळगे. तोच तक्ता घेऊन ते अंबाजोगाईला स्वारातीत, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात गेले. तिथे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला आणि हृदयाची ताकद घटल्याचं निघालं. औषधं सुरू झाल्यावर दम कमी झाला आणि रात्रीचं उठणंही. प्रोस्टेटची गोळी चालूच आहे, कारण प्रोस्टेटही होतंच.

सूज म्हणजे दर वेळी हृदयच असं नाही. मूत्रपिंड, यकृत, पायांच्या फुगलेल्या शिरा आणि रक्तदाबाची एक गोळी, सगळ्यांनी सूज येते. एकाच पायाला अचानक सूज आली, पोटरी दुखते आहे आणि गरम लागते आहे, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. ते त्याच दिवशी दाखवायचं.

रक्तदाब मोजताना आधी लघवी करून या

हे फार थोड्यांना माहीत असतं. मूत्राशय तुंबलेलं असताना रक्तदाब वाढून दिसतो. दवाखान्यात तासभर रांगेत थांबून, लघवी दाबून ठेवून खुर्चीवर बसलात तर आलेला आकडा खरा नाही. आधी जाऊन या. मग पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. दंड हृदयाच्या उंचीवर, पट्टा उघड्या दंडावर. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, विडी नको. घरी मोजताना सरासरी १३५/८५ किंवा वर येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात हीच रेघ १४०/९० धरतात.

रक्तदाबाचा आणि रात्रीच्या लघवीचा दुवा म्हणजे मीठ. दिवसभरात खाल्लेलं मीठ मूत्रपिंडांना दिवसा बाहेर टाकता आलं नाही, तर ते रात्री टाकतात, आणि मिठाबरोबर पाणी जातं. अशा माणसाचा रक्तदाब रात्री उतरायला हवा तेवढा उतरत नाही. रात्रभर चढा राहणारा दाब हृदयाला आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांना फार महागात पडतो.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. ग्रॅम कोण मोजणार? म्हणून पुडा मोजा. घरात पाच मोठी माणसं असतील तर दिवसाचं २५ ग्रॅम, म्हणजे १ किलोचा पुडा ४० दिवस तरी पुरला पाहिजे. फोडताना पुड्यावर पेनाने तारीख लिहा. माझ्या सांगण्यावरून ज्यांनी ज्यांनी लिहिली, त्यांतल्या बहुतेकांचा पुडा त्याच्या कितीतरी आधी संपला. लोणचं, पापड, खारोड्या, खारे शेंगदाणे, फरसाण यांतलं मीठ त्याशिवाय. आपल्याकडे भाकरीबरोबर ठेचा किंवा शेंगदाण्याची चटणी असतेच, ती सोडा असं मी म्हणणार नाही. ठेचा कुटताना मीठ निम्मं घाला, लिंबू पिळा. आठ-पंधरा दिवसांत जिभेला सवय होते. ताकात वरून मीठ नको. रात्रीच्या जेवणातलं मीठ आधी कमी करा. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, पण त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका.

घोरणं

हा प्रश्न नवऱ्याला विचारून उपयोग नाही, बायकोला विचारावा लागतो. आणि बायकोचं घोरणं नवऱ्याला. मोठ्याने घोरताना मध्येच आवाज बंद पडतो, श्वास थांबतो, मग झटका बसल्यासारखा पुन्हा सुरू होतो, असं होतं का? मोबाईलवर आवाज टिपून ठेवा. सकाळी डोकं जड, दुपारी बसल्या जागी डुलकी, गळ्याचा घेर जाड आणि रक्तदाब गोळ्यांना दाद देत नाही, असं एकत्र दिसलं तर झोपेत घसा मिटण्याचा आजार असू शकतो. घसा मिटलेला असताना छाती श्वास ओढत राहते, त्या ओढीने हृदयाचे कप्पे ताणले जातात, आणि पुन्हा तेच संप्रेरक, तीच लघवी. माणसाला वाटतं लघवीने जाग आली. खरं तर श्वास अडून जाग आलेली असते. झोपेची तपासणी करून झोपेत नाकातून हवा देणारं यंत्र लावल्यावर अनेकांचं रात्रीचं उठणं कमी होतं.

गोळ्यांची पिशवी

आता माझ्या रोजच्या कामाचं. घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून परस्पर घेतलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे किंवा निदान औषधवाल्याकडे न्या. हृदयाचा डॉक्टर लातूरला, लघवीचा संभाजीनगरला, साखरेचा गावात, अशी तीन ठिकाणची तीन चिठ्ठ्यांची औषधं एका पोटात जातात आणि तिघांनी एकमेकांची चिठ्ठी पाहिलेली नसते.

लॅसिक्ससारखी पाणी काढायची गोळी साधारण सहा तास काम करते. दिवसातून दोनदा लिहिली की लोक सकाळ-रात्र घेतात. रात्री नऊला घेतलेली गोळी पहाटेपर्यंत उठवणारच. दुसरा डोस दुपारी हलवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. बहुतेक वेळा येतो. अम्लोडिपिन ही रक्तदाबाची चांगली गोळी, पण काहींच्या घोट्याला सूज आणते आणि तेच पाणी रात्री लघवीत येतं. पर्याय असतात. स्वतःहून बंद मात्र करू नका, दाब उसळतो. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेच्या आणि हृदयाच्याही गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात, त्यामुळे लघवी वाढते. त्या सकाळी घ्यायच्या असतील तर सकाळीच घ्या, आणि लघवीची जागा कोरडी-स्वच्छ ठेवा, बुरशी होते.

टॅम्सुलोसिन आणि तिच्या जातीच्या गोळ्यांनी उभं राहिल्यावर रक्तदाब घसरू शकतो. रक्तदाबाच्या गोळ्या आधीच चालू असतील तर आणखी. डोळ्याच्या शिबिरात मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर ही गोळी घेता किंवा पूर्वी घेत होता, हे सर्जनला आधी सांगा, कारण ऑपरेशनच्या वेळी बुबुळ ढिलं पडतं. प्रोस्टेट आणि रक्तदाब दोन्हींवर एकच गोळी द्या, असं काही जण मागतात. डॉक्साझोसिन तसं काम करते खरी, पण अॅलहॅट या मोठ्या अमेरिकन चाचणीतला डॉक्साझोसिनचा गट २००० साली मुदतीआधी थांबवला गेला, कारण तुलनेसाठी दिलेल्या पाणी काढायच्या गोळीपेक्षा त्या गटात हृदय कमजोर पडण्याचं प्रमाण जास्त दिसलं. प्रोस्टेटसाठी ती द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, पण रक्तदाबाची भिस्त एकट्या तिच्यावर ठेवू नका.

सर्दीच्या गोळ्यांबद्दल तर मला हात जोडून सांगायचं आहे. फिनाइलेफ्रिन असलेल्या मिश्र गोळीने रक्तदाब चढतो आणि प्रोस्टेट वाढलेल्याची लघवी पार अडते. थंडीत लघवी तुंबून आलेल्या माणसाच्या खिशात ही गोळी बऱ्याचदा सापडते.

आणि जी गोष्ट पुरुष याहून खालच्या आवाजात विचारतात, तीही इथलीच. लिंगाच्या रक्तवाहिन्या १–२ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३–४ मिलिमीटरच्या. आतून जाड होऊ लागल्या की बारीक वाहिनी आधी अडते. ताठरता कमी होणं हा पुढे येणाऱ्या हृदयविकाराचा काही वर्षं आधीचा इशारा असू शकतो. गोळी मागण्याआधी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करा, तंबाखू सोडा. छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्या माणसाने ताठरतेची सिल्डेनाफिल गोळी घेतली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. मूत्राशयालाही रक्त ओटीपोटातल्या वाहिन्यांतूनच मिळतं. त्या अरुंद झाल्या की मूत्राशयाचा स्नायू बिघडतो, असं संशोधन सुचवतं. वजन, साखर, तंबाखू आणि कडक झालेल्या वाहिन्या ही दोन्हीकडची समान मुळं. म्हणून रात्री उठणाऱ्या प्रत्येकाला हृदयविकार आहे असं समजू नका, पण तपासून घ्या.

आजपासून घरी

पाणी तोडू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे जातो, खुरपणीला गेलेल्या बायका आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि संध्याकाळी घरी येऊन तांब्येच्या तांब्ये पितात. ते उलटं करा. जास्तीत जास्त पाणी दुपारी चारपर्यंत, सातनंतर तहानेपुरतं. हृदयाच्या रुग्णाला डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल तर तेच पाळायचं. पायाला सूज असेल तर दुपारी चारच्या सुमारास तासभर पाय उशीवर घेऊन पडा आणि नंतर फिरून या. पायातलं पाणी झोपण्याआधीच निघून जातं. आडवं झाल्यावर दम लागत असेल तर हे करू नका, आधी दवाखाना.

रात्री जाग आली की ताडकन उठू नका. खाटेच्या कडेला बसा, पाय हलवा, मग उभे राहा. झोपेतून उठून उभ्याने लघवी करताना रक्तदाब खाली येतो आणि माणूस तिथेच कोसळतो. पुरुषांनीही रात्री बसूनच करावी. संडास अंगणापलीकडे असेल तर खाटेजवळ झाकणाचं भांडं ठेवा आणि वाटेवर दिवा. म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं की घरच मोडतं.

लघवी पूर्ण बंद होऊन ओटीपोट ताठ झालं, लघवीतून रक्त गेलं, थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. छातीत दाब आणि घाम, आडवं पडवत नाही एवढा दम, तोंड वाकडं होणं, हातातली ताकद जाणं, यासाठी १०८ लावा, थांबू नका.

एरवी सुरुवात उपकेंद्रातून करा. तिशीच्या पुढच्यांचा रक्तदाब आणि साखर तिथे मोफत तपासतात. पुढे डॉक्टरांना क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी), लघवीची साधी तपासणी, लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन)-क्रिएटिनिन प्रमाण, ईसीजी, गरज वाटली तर इको आणि लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते ते पाहणारी सोनोग्राफी, याबद्दल विचारा. ते अल्ब्युमिनचं प्रमाण ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या पुढे सारखं येत असेल तर मूत्रपिंडाबरोबर हृदयाचीही काळजी घ्यायची वेळ आली असं समजा. डॉक्टरांसमोर "लघवीचा त्रास आहे" एवढंच सांगून थांबू नका. असं सांगा: "रात्री इतक्यांदा उठतो, एकूण लघवी इतकी, त्यातली रात्रीची इतकी, संध्याकाळी पायावर खळगा पडतो, बायको म्हणते मी घोरतो, या गोळ्या या वेळेला घेतो." आणि कागद पुढे ठेवा.

मीठ, पाणी किंवा गोळीची वेळ बदलल्यावर महिन्याने पुन्हा तीन दिवस मोजा, त्याच बरणीने. दोन्ही कागद पिनेने जोडून फाईलला लावा. पुढच्या तपासणीला डॉक्टर आधी तेच बघतील.